मॅन पेज शिळं होतं तेव्हा: डेबियनच्या पॅकेज-अवजारांचं डॉक्युमेंटेशन सांभाळू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

डेबियन या लिनक्सवर आधारित कार्यप्रणालीसाठी आयुष्यातलं पहिलं पॅकेज (म्हणजे सॉफ्टवेअरचा बसवायला तयार गठ्ठा) बांधायला बसलेला माणूस शोध घेतो आणि जे पान आधी सापडेल ते उघडतो. पान सांगतं, ‘डेबियन’ नावाचा फोल्डर करा, त्यात ‘कंपॅट’ नावाची फाइल ठेवा, तिच्यात फक्त ९ लिहा. तो तसं करतो. मग डेबहेल्पर हे पॅकेज बांधायला मदत करणारं अवजार ताकीद देतं की ही पातळी जुनी झाली. पॅकेज तपासणारा लिंटियन वेगळीच कुरकुर करतो. आता पानावर विश्वास ठेवायचा की अवजारावर, हे त्याला कळत नाही.

गंमत अशी की त्या पानावर चूक नव्हती. ज्या दिवशी ते लिहिलं त्या दिवशी त्यातली प्रत्येक ओळ बरोबर होती. पुढे अवजार बदललं आणि पान तिथंच राहिलं. कोड मोडला की बिल्ड बोंबलतं, कुणीतरी धावतं. लिखाण मोडलं तर कुणालाच ऐकू येत नाही. फार तर कुणी नवखा रात्री अकरा वाजता ‘आपल्यालाच जमत नाही’ म्हणून लॅपटॉप मिटतो.

म्हणून हे काम नवख्यांनी हाती घ्यावं असं मला वाटतं. दहा वर्षं पॅकेजं बांधणारा माणूस मॅन पेज, म्हणजे कमांडबरोबर येणारं माहितीचं पान, वाचतच नाही. त्याचा हात आपोआप योग्य कमांडवर जातो. पान कुठं खोटं बोलतंय हे फक्त ते पान खरं मानून चालणाऱ्यालाच कळतं. ही नजर तुमच्याकडे जेमतेम दोन-तीन महिने टिकते. त्यानंतर तुम्हालाही सवय होते.

(या लेखात कमांड आणि फाइलींची नावं देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन.)

आधी घर ओळखून घ्या

सगळ्यात खाली डीपीकेजी, म्हणजे डेबियनचं पॅकेज हाताळणारं पायाभूत अवजार. पॅकेज प्रत्यक्ष बांधणारी ‘डीपीकेजी-बिल्डपॅकेज’ ही कमांड त्यातलीच. तिच्यावर डेबहेल्पर, म्हणजे ‘डीएच’ने सुरू होणाऱ्या छोट्या-छोट्या कमांडचा संच. जोई हेस यांनी तो १९९० च्या दशकात लिहिला, आणि आज डेबियनमधली बहुतेक पॅकेजं त्यावरच चालतात. शेजारी डेव्हस्क्रिप्ट्स हा हत्यारांचा डबा: बदलनोंद लिहायला ‘डीसीएच’, मूळ सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या प्रकल्पाची नवी आवृत्ती शोधायला ‘यूस्कॅन’, असं बरंच काही. स्वच्छ खोलीत, म्हणजे रोजच्या व्यवस्थेपासून वेगळ्या कोऱ्या व्यवस्थेत, पॅकेज बांधायला एसबिल्ड, आणि बांधलेल्या पॅकेजमधल्या चुका शोधायला लिंटियन.

डॉक्युमेंटेशनचेही असेच थर आहेत. मॅन पेजेस अवजाराच्या कोडबरोबर राहतात, त्यामुळे त्यांची साथ सर्वांत घट्ट. डेबियन पॉलिसी हे नियमांचं पुस्तक. त्याची प्रत्येक आवृत्ती आली की ‘अपग्रेडिंग चेकलिस्ट’मध्ये काय बदललं ते लिहिलेलं असतं. त्यानंतर मार्गदर्शकं, आणि सगळ्यात बाहेर विकीची पानं, जी कुणीही केव्हाही लिहिलेली असतात. दोन ठिकाणी दोन गोष्टी लिहिलेल्या दिसल्या तर आत राहणाऱ्याचं ऐका: मॅन पेज आणि विकीत भांडण असेल तर मॅन पेज, मॅन पेज आणि कोडमध्ये असेल तर कोड. पॉलिसीचं तेवढं वेगळं. पॉलिसी आणि अवजार यांचं जुळत नसेल तर तो डॉक्युमेंटेशनचा प्रश्न राहत नाही. तिथं आधी विचारावं, पॅच (म्हणजे दुरुस्तीचा बदल) नंतर.

पहिली पायरी: स्वच्छ खोली

तुमच्या लॅपटॉपवर डेबियनची स्टेबल आवृत्ती असेल. तिच्यातलं मॅन पेज वाचून चुका काढू नका, कारण ती चूक कदाचित वर्षभरापूर्वीच दुरुस्त झालेली असेल. अवजारांवरचं काम ‘अनस्टेबल’मध्ये, म्हणजे सिडमध्ये चालतं, तुमची तुलनाही तिथंच व्हायला हवी.

पॉडमन किंवा डॉकर येत असेल तर सिडचा कंटेनर उघडा. नसेल तर ‘एमएमडेबस्ट्रॅप’ने एक छोटी सिड व्यवस्था तयार करता येते, आणि एसबिल्डच्या ‘अनशेअर’ पद्धतीत तीच वापरता येते. त्यासाठी रूट अधिकार लागत नाहीत. इथंच पहिला सापळा आहे: एसबिल्डवरचे कितीतरी जुने लेख अजूनही ‘एसक्रूट’ हे वेगळी व्यवस्था उघडणारं जुनं अवजार बसवा, स्वतःला गटात घाला, मग लॉग-आउट करून परत या, अशी वरात काढायला लावतात. तुम्ही त्या वाटेने गेलात आणि वैतागलात, तर तो वैताग लिहून ठेवा. तुमची पहिली नोंद झाली.

फक्त एखादं पान कोणत्या आवृत्तीत कसं होतं एवढंच बघायचं असेल, तर डेबियनचं मॅन पेजेसचं संकेतस्थळ पुरेसं आहे. तिथं प्रत्येक आवृत्तीचं पान वेगळं निवडता येतं. बुकवर्म आणि ट्रिक्सी (ही डेबियनच्या दोन स्टेबल आवृत्त्यांची टोपणनावं) आणि अनस्टेबल अशी एकाच पानाची तीन रूपं शेजारी-शेजारी ठेवून बघा. अर्ध्या शंका तिथंच मिटतात.

दुसरी पायरी: अक्षरशः तसंच करा

सराव म्हणून ‘हॅलो’ हे पॅकेज घ्या. नमुन्यासाठीच ठेवलेलं असल्यामुळे ते छोटं आहे. मग तपासायचं मार्गदर्शक समोर ठेवा आणि त्यातली एकेक पायरी जशीच्या तशी करत जा. मनाने काही जोडू नका. ‘हे त्यांना म्हणायचंच असणार’ असा उदारपणा दाखवू नका. पान जे सांगत नाही ते तुम्हाला माहीत नाही, असं धरून चालायचं. सुरुवातीलाच ‘स्क्रिप्ट’ ही कमांड चालवली तर टर्मिनलमध्ये दिसलेलं सगळं एका फाइलीत उतरतं. नंतर ‘नेमकी कुठली चूक आली होती?’ म्हणून डोकं खाजवावं लागत नाही.

अडखळण्याच्या जागा साधारण चार जातींच्या निघतात. एक, सांगितलेली गोष्ट आता चालत नाही. दोन, चालते, पण गरज उरलेली नाही. तीन, चालते, पण आता दुसरी वाट चांगली मानतात. चार, पान बरोबर आहे आणि तुम्हीच वेंधळेपणा केला. चौथी जात लपवू नका. एकाच वाक्यावर दोघा-तिघांचा वेंधळेपणा झाला, तर ते वाक्य बदलायलाच हवं.

दुसरी जात सर्वांत जास्त सापडते आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं, कारण काही मोडत नाही. डेबहेल्परच्या कंपॅट पातळ्या, म्हणजे त्याने कुठल्या काळच्या पद्धतीने वागायचं ते ठरवणारे आकडे, बघा. पातळी १० पासून ‘--विथ ऑटोरीकॉन्फ’, ‘--विथ सिस्टमडी’ आणि ‘--पॅरलल’ हे पर्याय हाताने द्यावे लागत नाहीत. ते मुळातच चालू असतात. पातळी ११ मध्ये ‘डीएच-सिस्टमडी-एनेबल’ आणि ‘डीएच-सिस्टमडी-स्टार्ट’ या दोन कमांडची जागा एकट्या ‘डीएच-इन्स्टॉलसिस्टमडी’ने घेतली. पातळी १३ आली २०२० साली. कंपॅटची वेगळी फाइलही गेली. आता कंट्रोल फाइलीत बिल्ड-अवलंबनांमध्ये ‘डेबहेल्पर-कंपॅट’ आणि कंसात बरोबरचं चिन्ह व १३ असं लिहिलं की झालं. तसंच कंट्रोल फाइलीतल्या ‘रूल्स-रिक्वायर्स-रूट: नो’ या, बांधताना रूट अधिकार लागत नाहीत असं सांगणाऱ्या ओळीचं. कित्येक वर्षं मार्गदर्शकं ती घाला म्हणून सांगत होती. ट्रिक्सीमधल्या डीपीकेजीत तेच मूळ वर्तन झालं. ओळ राहिली तरी बिघडत काही नाही, पण ती ‘का’ घालायची हे सांगणारा परिच्छेद आता नवख्याला उगाच घाबरवतो.

तिसरी पायरी: कधी बदललं ते शोधा

‘हे चालत नाही’ एवढं कळवून भागत नाही. कधीपासून चालत नाही हे सांगितलंत तर मेंटेनरचं, म्हणजे ते पॅकेज सांभाळणाऱ्याचं, निम्मं काम तुम्ही केलेलं असतं. ‘डेबचेकआउट’ ही डेव्हस्क्रिप्ट्समधली कमांड पॅकेजचं गिट भांडार, म्हणजे बदलांच्या इतिहासासकट (एकेक नोंदवलेला बदल म्हणजे कमिट) त्याचा कोड, खाली आणून देते. त्यात ‘गिट लॉग’ला मोठा एस हा पर्याय देऊन तो शब्द शोधा, तो कुठल्या कमिटमध्ये आला आणि कुठल्या कमिटमध्ये गेला, दोन्ही कळतं. शिवाय बसवलेल्या पॅकेजच्या डॉक फोल्डरमध्ये चेंजलॉग आणि कधीकधी न्यूज नावाची फाइल असते. न्यूजमध्ये फक्त वापरणाऱ्याला जाणवतील असे बदल लिहितात, म्हणून आधी ती वाचा. डेबहेल्परसाठी तर पातळ्यांमधले फरक सांगणारं वेगळं मॅन पेजच आहे: ‘डेबहेल्पर-कंपॅट-अपग्रेड-चेकलिस्ट’.

चौथी पायरी: मजकूर कुठं राहतो?

इथं मी स्वतः हात पोळून घेतलेला आहे. पहिल्यांदा मी बिल्ड झाल्यावर तयार झालेली मॅन पेजची फाइल उघडली, तीन तास खपून सुंदर दुरुस्त्या केल्या, पुन्हा बिल्ड चालवलं, आणि सगळं पुसलं गेलं. ती फाइल मूळ नव्हतीच. दुसऱ्याच कशातून तरी ती दर वेळी नव्याने तयार होत होती.

डेबहेल्परमध्ये प्रत्येक कमांडचं मॅन पेज त्या पर्ल स्क्रिप्टच्या आतच, पॉड या साध्या खुणांच्या पद्धतीत लिहिलेलं असतं. कोड आणि त्याचं वर्णन एकाच फाइलीत. ही सोय मला फार आवडते, कारण कोड बदलणाऱ्याला वर्णन डोळ्यांसमोर दिसतं आणि ‘विसरलो’ म्हणायला जागा राहत नाही. डीपीकेजीत मॅन पेजेस वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत, पण तीही आता पॉडमध्येच. डेव्हस्क्रिप्ट्समध्ये मात्र गावजत्रा: काही पानं स्क्रिप्टमध्ये पॉडमध्ये, काही जुन्या पद्धतीच्या ट्रॉफ फाइलींत, तर काही डॉकबुकमध्ये. ‘कुठंय?’ असा प्रश्न पडला की पानातलं एखादं चमत्कारिक वाक्य उचला आणि ‘गिट ग्रेप’ला द्या.

पाचवी पायरी: लिहिताना

माझा पहिला नियम: ‘सध्या’, ‘नुकतंच’, ‘नवीन’, ‘आता’ हे शब्द काढा. लिहिणाऱ्याचं ‘सध्या’ आणि वाचणाऱ्याचं ‘सध्या’ यांत पाच वर्षांचं अंतर असू शकतं. त्याजागी आकडा लिहा: ‘पातळी ११ पासून’, ‘ट्रिक्सीपासून’. आकडा शिळा होत नाही. फार तर जुना होतो, आणि जुना झाल्याचं वाचणाऱ्याला दिसतं.

उदाहरणांत आवृत्तीची टोपणनावं कोरून ठेवू नका. नमुन्याच्या कमांडमध्ये ‘बुकवर्म’ लिहिलंत, की ट्रिक्सी आल्या दिवशी, म्हणजे ९ ऑगस्ट २०२५ ला, ते पान म्हातारं झालं. ‘अनस्टेबल’ लिहिलं असतं तर ते अजून तरुण असतं.

जोडण्यापेक्षा काढा. गरज उरली नसेल तर परिच्छेद उडवा. त्याच्या खाली ‘टीप: हे आता लागत नाही’ अशी ठिगळं लावत गेलं, की पाच वर्षांनी पानाची गोधडी होते. काढायला भीती वाटते हे खरं. पण गिटमध्ये सगळं जपलेलं असतं.

एका गोष्टीला एकच मालक ठेवा. पर्यायांची यादी मॅन पेजमध्ये आहे, विकीत आहे आणि रीडमीतही आहे, तर त्यातल्या दोन याद्या आज ना उद्या खोट्या ठरणार. मॅन पेजमधली ठेवा, बाकी ठिकाणी ‘तिकडे बघा’ एवढंच लिहा.

आणि एखादं पान दुरुस्तीपलीकडे गेलं असेल तर ते तसं जाहीर करावं. डेबियनमध्ये हे घडलेलं आहे. ‘न्यू मेंटेनर्स गाइड’ हे जोसिप रॉडिन यांनी सुरू केलेलं मार्गदर्शक कितीतरी जणांचं पहिलं पाठ्यपुस्तक होतं. पुढे ओसामू आओकी यांनी ते सांभाळलं, आणि मग त्यांनीच ‘गाइड फॉर डेबियन मेंटेनर्स’ हे नवं मार्गदर्शक लिहिलं. जुनं पुसून टाकण्याऐवजी वाचकाला नव्याकडे धाडणारी सूचना त्यात घातली गेली. बाहेरचे जुने दुवे मोडत नाहीत आणि वाचकही चुकीच्या फाट्याला लागत नाही. स्वतःच वर्षानुवर्षं सांभाळलेलं लिखाण असं बाजूला ठेवायला मन मोठं लागतं.

भाषांतरकारांच्या पोटावर पाय देऊ नका

ही गोष्ट नवख्यांना कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर. डेबहेल्परची मॅन पेजेस जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज अशा भाषांत आहेत. हे काम ‘पीओ-फोर-ए’ नावाच्या अवजाराने चालतं. ते इंग्रजी पानाचे परिच्छेद सुटे करतं आणि प्रत्येक परिच्छेदासमोर त्याचं भाषांतर ठेवतं. तुम्ही इंग्रजी परिच्छेदात एक स्वल्पविराम जरी हलवलात, तरी त्या परिच्छेदाचं सगळ्या भाषांतलं भाषांतर ‘फझी’, म्हणजे संशयित ठरतं. भाषांतरकाराने ते तपासेपर्यंत त्या जागी इंग्रजी मजकूर दिसतो. आणि पानाचं भाषांतर ८० टक्क्यांखाली घसरलं, तर पीओ-फोर-ए मूळ सेटिंगनुसार त्या भाषेतलं पानच तयार करत नाही.

म्हणजे तुम्ही हौसेने चाळीस परिच्छेदांची ‘भाषा सुधारली’, तर कुठल्यातरी जर्मन माणसाचं अख्खं पान गायब होऊ शकतं. नुसत्या ओळी इकडच्या तिकडे तोडल्याने काही बिघडत नाही, कारण अवजार परिच्छेद पुन्हा सलग करून घेतं. शब्दांना मात्र कारणाशिवाय हात लावू नका. स्पेलिंगच्या दुरुस्त्या वेगळ्या कमिटमध्ये ठेवा आणि ‘यात अर्थ बदललेला नाही’ असं स्पष्ट लिहा. मग मेंटेनर जुनी भाषांतरं तशीच चालू ठेवू शकतो.

सहावी पायरी: लिखाणालाही बोंबलायला शिकवा

पॉडसाठी ‘पॉडचेकर’, मॅन पेजसाठी ‘मॅन’ला ‘--वॉर्निंग्ज’ हा पर्याय देऊन बघा. मग पॅकेज बांधून लिंटियन चालवा. मॅन पेजमधल्या मांडणीच्या आणि काही नेहमीच्या स्पेलिंगच्या चुका तो पकडतो. एवढं तर कुणीही करतं.

त्यापुढचं थोडे जण करतात. कमांडचं ‘--हेल्प’ आणि तिचं मॅन पेज, दोन्हींतून दोन आडव्या रेघांनी सुरू होणारे शब्द ‘ग्रेप’ने काढा, ‘सॉर्ट’ करा आणि ‘कॉम’ने तुलना करा. पाच ओळींची स्क्रिप्ट होते. जो पर्याय एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, तो तुमचा उद्याचा पॅच.

याहून चांगलं म्हणजे मार्गदर्शकातलं उदाहरणच चाचणी बनवणं. डेबियनमध्ये ऑटोपीकेजीटेस्ट नावाची सोय आहे. पॅकेजच्या ‘डेबियन/टेस्ट्स’ फोल्डरमध्ये ठेवलेल्या चाचण्या बसवलेल्या पॅकेजवर आपोआप चालतात. मार्गदर्शकातल्या कमांड त्याच क्रमाने एका चाचणीत घातल्या, तर ज्या दिवशी अवजार बदलेल त्या दिवशी ती चाचणी लाल होईल. सगळ्या उदाहरणांना हे लागू होत नाही. जी उदाहरणं नवखा सर्वांत आधी चालवतो, त्यांना तरी लावा.

सातवी पायरी: पाठवणं

डेबियनमध्ये दोन दारं आहेत. बग नोंदवण्याची व्यवस्था ईमेलवर चालते. ‘रिपोर्टबग’ ही कमांड आवृत्ती वगैरे भरून तो ईमेल तयार करून देते. दुसरं दार साल्सा, म्हणजे डेबियनचं स्वतःचं गिटलॅब. अलिओथ या जुन्या व्यवस्थेची जागा त्याने २०१८ मध्ये घेतली. तिथं मर्ज रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझा बदल सामावून घ्या’ अशी विनंती, करता येते. कोणता मेंटेनर कुठलं दार उघडं ठेवतो ते आधी बघा. पूर्वीच्या विनंत्या महिनोन्महिने अनुत्तरित दिसत असतील, तर ईमेलनेच पाठवा.

बगची तीव्रता ‘मायनर’ ठेवा, पॅच जोडला असेल तर ‘पॅच’ ही खूण लावा. विषयाच्या ओळीत पॅकेजचं नाव आणि पानाचं नाव दोन्ही द्या. मजकुरात तीनच गोष्टी: पान काय म्हणतं, अवजार काय करतं, कुठल्या आवृत्तीपासून. ‘तुमचं डॉक्युमेंटेशन फार वाईट आहे’ हे चौथं वाक्य, खरं असलं तरी, लिहू नका.

एका पॅचमध्ये एकच विषय. बदलनोंदीची फाइल, म्हणजे ‘डेबियन/चेंजलॉग’, तुम्ही बदलायची की नाही हे इतिहास बघून ठरवा. कित्येक मेंटेनर ती शेवटी एकदम तयार करतात, आणि मध्येच कुणी हात लावला तर कॉन्फ्लिक्ट होतो. कमिटच्या संदेशात मात्र ‘क्लोजेस’ आणि बगचा आकडा लिहा. तो बदलनोंदीत उतरला, की पॅकेज अपलोड झाल्यावर बग आपोआप बंद होतो आणि तुम्हाला तसा ईमेल येतो.

उत्तर यायला आठवडे लागू शकतात. ही माणसं फावल्या वेळात काम करतात. नवी आवृत्ती येण्याआधीच्या फ्रीझच्या, म्हणजे बदल गोठवण्याच्या, काळात तर निव्वळ लिखाणाचे पॅचही बाजूला ठेवले जातात. महिनाभराने त्याच बगवर एक सौम्य आठवण पुरे.

पुढे लक्ष ठेवायला

डेबियनच्या पॅकेज ट्रॅकरवर तुम्ही निवडलेल्या पॅकेजची सदस्यता घ्या, म्हणजे प्रत्येक अपलोडचा ईमेल येईल. त्यातली बदलनोंद वाचायला दोन मिनिटं लागतात. ‘रिनेम’, ‘डेप्रिकेट’, ‘डिफॉल्ट’ यांपैकी शब्द दिसला की आपल्या पानांत शोध घ्यायचा. ‘एपीटी-लिस्टचेंजेस’ बसवलं तर अपग्रेडच्या वेळी न्यूज फाइली समोर येतात. पॉलिसीची नवी आवृत्ती आली की चेकलिस्ट वाचायची. सगळी पॅकेजं अंगावर घेऊ नका. एकच अवजार, त्याची पाच-सात पानं, एवढ्यावर एक माणूस व्यवस्थित नजर ठेवू शकतो.

जाता जाता मराठीबद्दल. डेबियनचा इन्स्टॉलर मराठीत चालतो, पण डेबहेल्परची मॅन पेजेस मराठीत नाहीत. कुणाला हात घालायचा असेल तर मोठ्या ‘डीएच’ पानापासून सुरू करू नका. ८० टक्क्यांची ती अट प्रत्येक पानाला वेगळी लागते, म्हणजे मोठ्या पानाचं निम्मं भाषांतर करूनही पडद्यावर काहीच दिसणार नाही. ‘डीएच-टेस्टडिर’चं पान अगदी छोटं आहे, एका रविवारी होईल.